चक्र, बॉक्स आणि चाके : स्टिअरिंगच्या मध्याचा एक धडा

आपल्या समाजातील तरुण आज अनेक व्यवसायांत आहेत. कोणी ट्रक चालवतो, कोणी गॅरेजमध्ये हात काळे करून कुटुंब पोसतो, कोणी आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकतो. स्मरणिकेत धम्म, इतिहास व साहित्य या विषयांवर लेख येतात आणि ते यायलाच हवेत. परंतु हाताच्या विद्येबद्दल फारसे लिहिले जात नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एक साधा, रोजच्या कामातला प्रश्न घेतला आहे. ट्रकचा स्टिअरिंग शाफ्ट बदलला. गाडी रस्त्यावर सरळ धावते, परंतु चालकाच्या हातातील चक्र वाकडे राहते. असे का होते, आणि ते सरळ कसे करावे?

या प्रश्नाला तयार उत्तर असते. चक्राचा नट सोडा, चक्र उपटा, सरळ दिसेल असे ठेवा, नट आवळा, काम झाले! काम झटपट होते, गिऱ्हाईकही खूश होते. मात्र बहुतेक वेळा ते उत्तर चुकीचे असते. का, ते समजण्यासाठी स्टिअरिंगची रचना आधी पाहिली पाहिजे.

स्टिअरिंगची साखळी

घोटाळा नको म्हणून चालकाच्या हातात असते त्याला या लेखात आम्ही ‘चक्र’ म्हणू आणि रस्त्यावर फिरतात त्यांना ‘चाके’.

आपल्याकडच्या बहुतेक मालवाहू ट्रकांत पुढचा अॅक्सल अखंड असतो. चक्राखाली कॉलम, कॉलमखाली शाफ्ट आणि शाफ्टखाली स्टिअरिंग बॉक्स अशी वरून खाली येणारी रचना असते. कॉलम व बॉक्स एका रेषेत नसल्यामुळे शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात; गॅरेजमध्ये त्यांना नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. शाफ्ट जेथे जोडला जातो तेथे उभे दाते असतात, त्यांना स्प्लाइन म्हणतात. बॉक्सच्या आत वर्म, त्यावर गोळ्यांच्या आधाराने सरकणारा नट, आणि त्या नटाच्या दात्यांत अडकलेला सेक्टर शाफ्ट असतो. सेक्टर शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला ड्रॉप आर्म लटकतो. ड्रॉप आर्म पुढेमागे हलला की ड्रॅग लिंक हलते आणि ती एका चाकाला वळवते. ते चाक टाय रॉडच्या साहाय्याने दुसऱ्या चाकाला वळवते.

या साखळीत तीन ‘मध्य’ आहेत. पहिला चाकांचा मध्य, म्हणजे चाके नाकासमोर सरळ असणे. दुसरा बॉक्सचा मध्य, म्हणजे बॉक्स दोन्ही बाजूंना सारखाच फिरू शकेल अशा जागी असणे. तिसरा चक्राचा मध्य, म्हणजे चक्राच्या आऱ्या सरळ दिसणे. चाके व बॉक्स यांना ड्रॅग लिंक जोडते. बॉक्स व चक्र यांना शाफ्ट जोडतो. गाडी नीट असते तेव्हा हे तिन्ही मध्य एकाच क्षणी जुळतात.

यांपैकी चाके डोळ्यांना दिसतात, चक्रही दिसते. बॉक्सचा मध्य मात्र दिसत नाही. जे दिसते तेवढेच जुळवले आणि जे दिसत नाही ते सोडून दिले, की दोष दुरुस्त होत नाही, तो लपतो.

बॉक्सच्या मध्याला एवढे महत्त्व का?

बॉक्समधील दाते मधल्या जागी मुद्दाम घट्ट बसतील असे घडवलेले असतात. गाडी बहुतांश वेळ सरळ धावते, म्हणून तेथे चक्रात मोकळीक कमी हवी. दोन्ही बाजूंना वळताना ही मोकळीक थोडी वाढते. आता चाके सरळ असताना बॉक्स मध्यापासून दूर असला, तर गाडी सरळ धावताना बॉक्स त्याच्या ढिल्या भागात काम करतो. चालक तक्रार करतो, ‘स्टिअरिंगमध्ये प्ले आहे.’ मग कोणीतरी बॉक्सवरचा स्क्रू आवळतो. त्या ढिल्या जागेचा प्ले जातो, परंतु बॉक्स खऱ्या मध्यावरून जाताना अडकू लागतो. वळण संपल्यावर चक्र आपोआप परत येत नाही. एका चुकीवर दुसरी चूक चढते ती अशी.

एक हिशेब पाहू. समजा, बॉक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेण्यासाठी चक्राचे साडेपाच फेरे लागतात. म्हणजे एकूण १,९८० अंश. समजा बॉक्सचे प्रमाण २० ला १ आहे. चक्र २० अंश फिरले की ड्रॉप आर्म १ अंश फिरतो. तेव्हा ड्रॉप आर्मचा एकूण प्रवास ९९ अंशांचा झाला, मध्यापासून प्रत्येक बाजूला साडेएकोणपन्नास. आता चक्र पाव फेरा, म्हणजे ९० अंश वाकडे आहे आणि ते कोणी ड्रॅग लिंकची लांबी बदलून सरळ केले. चक्र सरळ दिसेल. परंतु बॉक्स साडेचार अंशांनी सरकलेला राहील. एका बाजूला ५४ अंश आणि दुसऱ्या बाजूला ४५. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवणार नाही. घाटातल्या आवळ वळणावर बॉक्स त्याच्या टोकाला आधी टेकला आणि गाडी एका बाजूला कमी वळली, म्हणजे जाणवेल. त्या वेळी मागे भरलेला माल असतो आणि समोरून दुसरी गाडी येत असते.

आधी दोष शोधावा

तथागतांनी दुःख सांगितले आणि लगेच उपाय सांगितला, असे नाही. दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध आणि निरोधाचा मार्ग असा तो क्रम आहे. यंत्राच्या कामातही पाना हाती घेण्यापूर्वी कारण शोधावे लागते.

पहिला प्रश्न : शाफ्ट बदलण्यापूर्वी चक्र सरळ होते काय? चालक हे नक्की सांगू शकतो. तेव्हा सरळ होते, दुसऱ्या कशालाही हात लावला नाही आणि आता वाकडे आहे, तर चाके व बॉक्स यांचे नाते जसेच्या तसे आहे. दोष शाफ्टच्या जोडणीत आहे.

दुसरा प्रश्न : गाडी एका बाजूला ओढते काय? दोन्ही पुढच्या टायरांतील हवा सारखी करून सपाट रस्त्यावर गाडी हळू चालवून पाहावी. गाडी सरळ जाते, पण चक्र वाकडे आहे, ही एक गोष्ट. चक्र सोडले की गाडी डावीकडे वा उजवीकडे ओढते, ही निराळी गोष्ट. गाडी ओढत असेल तर हवा, टायर, अडकणारा ब्रेक, स्प्रिंग, अॅक्सल यांत कारण शोधावे. शाफ्ट कितीही वेळा काढून बसवला तरी ते ओढणे जाणार नाही.

तिसरा प्रश्न : बॉक्स मध्यावर आहे काय? अनेक बॉक्सवर मध्याची खूण असते. वर्मच्या टोकावर एक रेघ आणि कवचावर एक रेघ, किंवा सेक्टर शाफ्टच्या तोंडावर रेघ. ग्रीस व माती पुसली की ती दिसते. साध्या बॉक्सवर खूण सापडली नाही तर ड्रॅग लिंक सोडून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने फेरे मोजावेत आणि निम्म्यावर यावे. वरच्या उदाहरणात साडेपाचचे निम्मे, म्हणजे पावणेतीन फेरे. पॉवर स्टिअरिंगच्या बॉक्सला मात्र हा प्रयोग सरसकट करू नये. काही बॉक्समध्ये टोकाजवळ तेलाचा दाब कमी करणाऱ्या झडपा असतात. लिंक सोडून बॉक्स टोकापर्यंत रेटला तर त्यांची मांडणी बिघडू शकते. तेथे खूण आणि कंपनीचे पुस्तक हेच प्रमाण मानावे.

चाके सरळ केली आणि बॉक्सही मध्यावर आढळला, तर उत्तर स्पष्ट झाले : शाफ्ट चुकीच्या दात्यावर बसला आहे.

दुरुस्तीचा क्रम : खालून वर

नियम एकच लक्षात ठेवावा. आधी चाके, मग बॉक्स, शेवटी चक्र.

१) गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, हँडब्रेक लावावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. केबिन कलती करण्याची असेल तर ती नीट अडकली आहे, याची खात्री केल्याशिवाय खाली डोके घालू नये. एअरबॅग असलेल्या वाहनात कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे बॅटरीची जोडणी आधी सोडावी.

२) चाके सरळ करावीत आणि बॉक्सची खूण जुळली आहे हे पाहावे.

३) काहीही सोडण्यापूर्वी खडूने नव्हे, रंगाने खुणा कराव्यात. एक बॉक्सच्या दांड्यावर व जॉइंटवर, दुसरी शाफ्टच्या दोन सरकत्या भागांवर, तिसरी वरच्या जॉइंटवर. जुना शाफ्ट काढतानाच ही काळजी घेतली तर पुढचे सारे काम वाचते.

४) चक्र दोरीने किंवा पट्ट्याने बांधून ठेवावे, म्हणजे शाफ्ट सुटल्यावर ते आपोआप फिरणार नाही. एअरबॅग असलेल्या वाहनांत हे फार आवश्यक आहे. तेथे चक्राखाली गुंडाळलेली विद्युत पट्टी असते. तिला ठरावीक फेऱ्यांपुरतीच मुभा असते. चक्र सुटे फिरले तर ती तुटते.

५) शाफ्टच्या एका टोकाचा क्लॅम्प बोल्ट पूर्ण बाहेर काढावा, शाफ्ट दात्यांतून सोडवावा, चक्र सरळ करावे आणि बॉक्स न हलवता शाफ्ट पुन्हा बसवावा. किती दाते सरकवायचे, हे गणिताने कळते. जोडणीला ३६ दाते असतील तर एक दाता म्हणजे १० अंश. चक्र ३० अंश वाकडे असेल तर तीन दाते. काही शाफ्टांत एक दाता मुद्दाम रुंद किंवा बंद ठेवलेला असतो. तो शाफ्ट एकाच जागी बसतो. तेथे जबरदस्ती करू नये. शाफ्ट मुळात त्या गाडीचाच आहे काय, हे तपासावे.

६) दोन्ही क्रॉसचे योक पाहावेत. शाफ्टच्या दोन टोकांचे आतले योक बहुधा एकाच पातळीत असावे लागतात. सरकता शाफ्ट ओढून दोन तुकडे झाले आणि तो भलत्याच दात्यावर पुन्हा घातला, तर ही पातळी मोडते. मग चक्र एका फेऱ्यात दोनदा जड व दोनदा हलके लागते. असे लागले तर बॉक्सला दोष देण्यापूर्वी योक पाहावेत.

७) शाफ्टवर बोल्टसाठी खाच असते. शाफ्ट पूर्ण आत गेल्याशिवाय बोल्ट त्या खाचेतून जात नाही. बोल्ट जात नाही म्हणून हातोडा मारणे म्हणजे बॉक्सच्या बेअरिंगवर हातोडा मारणे होय. बोल्ट व लॉक नट नवे वापरावेत आणि कंपनीने सांगितलेल्या जोराइतके, टॉर्क पान्याने आवळावेत.

८) एवढे करूनही चक्र अर्ध्या दात्याने वाकडे राहिले, तर तेवढ्यापुरती ड्रॅग लिंक फिरवणे योग्य आहे. ३६ दात्यांच्या जोडणीत अर्धा दाता म्हणजे ५ अंश. २० ला १ या प्रमाणात बॉक्सवर केवळ पाव अंश. त्याने बॉक्सच्या मध्याला धक्का लागत नाही. नंतर लिंकचा क्लॅम्प आवळावा. बॉल जॉइंट उघडला असेल तर त्याच्या नटाला नवी स्प्लिट पिन घालावी. पिनचे भोक जुळत नसेल तर नट सैल करून जुळवू नये. सांगितलेल्या टॉर्कपासून पुढे आवळून जुळवावे.

९) शेवटी एका माणसाने चक्र दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि दुसऱ्याने खालून पाहावे. शाफ्ट कोठे घासतो काय, ब्रेकचा पाइप ताणतो काय, बोल्ट हलतो काय? मग आवारात हळू, मग रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवावी. परत आल्यावर बोल्ट पुन्हा तपासावेत. ज्या नव्या वाहनांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो, तेथे स्कॅनरने त्याचा मध्यही नोंदवावा लागतो.

ज्या वाटांनी जाऊ नये

चक्र उपटून सरळ करण्याची वाट आम्ही आरंभी सांगितली. शाफ्ट बदलताना चक्र काढलेच नव्हते, तर दोष चक्रात असण्याचे कारणच नाही. चक्र कॉलमवर फिरवून बसवले तर वळणानंतर इंडिकेटर बंद करणारी खुंटी भलत्या जागी येते. शिवाय योकांची चूक असेल तर ती तशीच राहते, आणि पुढच्या मेकॅनिकला मूळ खूण सापडत नाही. शाफ्ट बदलण्याच्या कामात चक्र निघालेच असेल आणि तेच चुकीचे बसले असेल, तरच ते काढून दुरुस्त करावे.

आम्ही बँकेत काम करणारे. दिवसअखेर हिशेब जुळला नाही तर फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून ताळा जुळल्यासारखा दाखवता येतो. कागद सुंदर दिसतो. चूक मात्र जेथे झाली तेथेच बसून राहते आणि पुढे व्याजासह उभी राहते. चक्र उपटून सरळ करणे हे गाडीचे सस्पेन्स खाते आहे.

दुसरी वाट टाय रॉडची. अखंड अॅक्सलच्या ट्रकमध्ये टाय रॉड दोन चाकांचे परस्परांतील अंतर ठरवतो. चक्र सरळ करण्यासाठी त्याला हात लावला तर टो-इन बिघडते आणि टायर झिजतात. हप्त्यावर ट्रक घेतलेल्या माणसाला टायरांची जोडी अकाली बदलावी लागली, तर त्या महिन्याचा हप्ता कोठून द्यायचा, हा प्रश्न त्याच्या घरी उभा राहतो.

तिसरी वाट वेल्डिंगची. शाफ्ट लांब झाला म्हणून कापणे, आखूड पडला म्हणून तुकडा जोडणे, वाकला म्हणून तापवून सरळ करणे, हे स्टिअरिंगच्या कोणत्याही भागाला कदापि करू नये. तो जोड कधी तुटेल हे बाहेरून दिसत नाही.

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे चक्रातील मोकळीक ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. बॉल जॉइंटना रबरी टोप्या असल्या पाहिजेत आणि बोल्ट व पिना निसटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असल्या पाहिजेत. पन्नास पैशांच्या वस्तूसारखी दिसणारी स्प्लिट पिन कायद्याने इतकी मोठी मानली आहे.

रथकाराची गोष्ट

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात एका रथकाराची कथा आहे. पचेतन नावाच्या राजाने त्याला युद्धासाठी सहा महिन्यांत चाकांची नवी जोडी करण्यास सांगितले. सहा दिवस उरले तेव्हा एकच चाक तयार होते. दुसरे त्याने त्या सहा दिवसांत केले. दोन्ही चाके दिसायला सारखीच! राजाने फरक विचारला तेव्हा रथकाराने ती जमिनीवर सोडून दाखवली. सहा दिवसांचे चाक जोर होता तोवर गेले, मग डगमगून पडले. दुसरे जोर संपल्यावर जागच्या जागी उभे राहिले. कारण पहिल्याच्या धावेत, आऱ्यांत व तुंब्यात वाकडेपणा राहिला होता. दुसऱ्यात तो काढला होता. भगवंतांनी या उपमेने काया, वाचा व मन यांतील वाकडेपणाविषयी भिक्खूंना सांगितले. उपमा आध्यात्मिक आहे, हे खरे. परंतु ती कारागिराच्या कामातून घेतली आहे आणि कारागिराचे काम त्यांना नीट ठाऊक होते, हेही तितकेच खरे.

दुसरी गोष्ट कथा नाही, घडलेला प्रसंग आहे. १९२९ साली परमपूज्य बाबासाहेब आंबेडकर खानदेशच्या दौऱ्यात चाळीसगावला उतरले. स्थानकावर टांगे होते. परंतु अस्पृश्याला बसवून टांगा हाकण्यास टांगेवाले तयार नव्हते. पाहुण्याने पायी जावे, हे महारवाड्यातील लोकांना रुचेना. तडजोड झाली की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा आपण आणावा. जो हाकायला बसला त्याला ते काम येत नव्हते. नदीवरच्या फरशीवर वळण घेताना घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग लिहिला आहे. टांगेवाल्याच्या जातिअहंकाराइतकीच आपल्या माणसांची गोष्टही त्यांनी स्पष्ट मांडली : मानाच्या भरात प्रवाशाच्या सुरक्षिततेचा विसर पडला होता.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रसंग केवळ जयंतीच्या भाषणात सांगण्याचा नाही. ज्या टांग्याच्या लगामाला हात लावण्याची संधी आपल्या वाडवडिलांना मिळत नव्हती, त्या जागी आज आपली मुले ट्रकच्या चक्रावर बसतात, गाड्या दुरुस्त करतात, स्वतःची गॅरेजे काढतात. संधी आली आहे. तिच्याबरोबर विद्याही पूर्ण आली पाहिजे. अर्धवट विद्येने केलेल्या कामाची किंमत गाडीतला माणूस देतो, आणि रस्त्यावरून जाणारा तिऱ्हाईतही देतो. आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातील पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. क्लॅम्प बोल्ट अर्धा आवळून गाडी रस्त्यावर सोडणाऱ्याने त्या शिलाचा विचार करावा. सम्यक् आजीविका म्हणजे केवळ वाईट धंदा न करणे नव्हे. चांगला धंदा नीट करणे हेही तिच्यात येते.

उस्तादाने ‘चक्र उपट आणि सरळ कर’ म्हटले, तर नव्या मुलाने वाद घालू नये. त्याने नम्रपणे एवढेच विचारावे, ‘उस्ताद, बॉक्स मध्यावर आहे का, एकदा पाहू?’ खूण पुसून दाखवावी, फेरे मोजून दाखवावेत. जाणता उस्ताद असेल तर तो रागावणार नाही. आणि ज्यांचे आता स्वतःचे गॅरेज आहे, अशा आमच्या बांधवांना विनंती आहे की हाताखालच्या मुलाला नुसता पाना देऊ नका. पाना लावण्याआधी रंगाची खूण करायला शिकवा.

जयभीम!